चार माणसांचा मसालेभात

"मसालेभात म्हंजे काय मोठी गोष्ट हाय? अवं, मारोतीच्या भंडाऱ्यात दोन क्विंटल तांदूळ एकट्याच्या जिवावर उतरवला म्या! चार मानसाचा भात तं डाव्या हातानं करून टाकीन!"

रविवारी सकाळी आठ वाजता इंद्रभाननं ही गर्जना केली, तेव्हा कस्तुराबाई ओसरीतल्या बाजेवर बसून आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर! गुरुवारी हौदापाशी पाय घसरला आणि मंगरूळपीरच्या डॉक्टरनं हाताचा असा मुसळदांडा करून पाठवला. पोरगा-सून अकोल्याला, घरात दोघंच. आणि नेमका आज, नऊ वर्षांनी, तिचा धाकटा भाऊ नथ्थू शेलूबाजारहून बायकोला, रत्नमालेला, घेऊन तिच्या दारी जेवायला येणार होता.

नऊ वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. नथ्थूच्या पोरीच्या लग्नात गर्दीच एवढी झाली की इंद्रभानला, म्हणजे घरच्या जावयाला, पहिल्या पंगतीत कोणी बसवलंच नाही. दुसरीतही नाही. तिसऱ्या पंगतीत बसला तोवर बुंदी संपली होती. इंद्रभान जो उठला, तो सरळ एसटीत येऊन बसला. तेव्हापासून येणं-जाणं बंद. बहीण-भाऊ भेटायचे ते मंगरूळच्या बसस्टँडवर, उभ्याउभ्या, चोरून भेटल्यासारखे! मागच्या आठवड्यात मात्र नथ्थूचाच फोन आला. "बाई, मी येतो रविवारी. भाऊजी घरात घेवोत का न घेवोत. तुह्या हातचा मसालेभात खाल्ला नाही, नऊ वर्स झाले."

त्यानंतर हात मोडला. कस्तुराबाईनं भावाला हे कळवलंच नाही. कळवलं असतं तर तो म्हणाला असता, "राहू दे, हात बरा झाल्यावर येतो," आणि मग आणखी नऊ वर्षं!

"मी काय म्हन्ते," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "कमलीबाई करून देते म्हने. भिंतीपलीकडंच तं हाय."

"माह्या साळ्याले शेजारनीच्या हातचं? नाव नको काढू! अन् आयक, माही एक अट हाय. तू मधात बोलायचं नाही. एक शबूद बोललीस तं मी सयपाक टाकून वावरात निंगून जातो."

कस्तुराबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती बोलायची सोय नव्हती. भंडाऱ्यात तांदूळ धुणारे वेगळे, फोडणी देणारे वेगळे, भात हलवणारे तर चार पैलवान. इंद्रभान खुर्ची टाकून बसायचा आणि मधूनमधून म्हणायचा, "जाळ कमी करा रे!"

स्वयंपाकघर ओसरीतून सगळं दिसत होतं. हेच तर दुःख होतं.

इंद्रभाननं तांदळाच्या पोत्यात हात घातला. चार माणसं, म्हणजे पाव किलो एकाला, म्हणजे एक किलो. कस्तुराबाईनं पदर चावला. घरातल्या कुकरात अर्धा किलोच्या वर तांदूळ घातला की त्याची शिट्टी उडून आढ्याला लागायची. पण बोलायचं नव्हतं ना!

मग डबे. तिच्या फळीवर लाल झाकणाचे दोन सारखे डबे होते. एकात काळा मसाला, दुसऱ्यात भिवापुरी मिरचीचं तिखट. चष्मा घातला असता तर काळं-लाल कोणालाही कळलं असतं. चष्मा खुंटीला होता.

"चष्मा लावा नं," ती हळूच म्हणाली.

"बोललीस!"

"नाई. खोकली."

"सयपाकाले चष्मा कायले लागते? सयपाक नाकानं करा लागते!"

आणि नाकानं स्वयंपाक करणाऱ्या त्या माणसानं, कढत तेलात, एक नाही, दोन नाही, तीन डाव तिखट टाकलं!

पुढचं जे झालं ते साऱ्या गल्लीनं अनुभवलं. पहिली शिंक इंद्रभानची. इतकी दणकट की फळीवरची झारी खाली आली. मग कस्तुराबाई शिंकली. मग दारातली शेळी शिंकली. शेळी शिंकते हे कस्तुराबाईला साठाव्या वर्षी कळलं! भिंतीपलीकडून कमलीबाई ओरडली, "कस्तुरा वं! मिरच्या कांडून राह्यली का? हात मोडला नं तुहा?"

"मोडला माय, मोडला!" कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाली. "निस्ता हातच मोडला असता तं बरं व्हतं!"

इंद्रभान डगमगला नाही. भंडाऱ्याचा अनुभव होता ना! "तिखट जास्त झालं तं तांदूळ वाढवा लागते. सादा हिशेब हाय." आणखी दोन किलो तांदूळ आला. कुकरची गोष्ट आपोआपच मिटली, मोठं पातेलं निघालं. तीन किलो तांदळाला पाणी किती, हा प्रश्न उरला. भंडाऱ्यात पाणी टँकरनं येतं, त्यामुळे हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्यानं बादली उचलली आणि ओतली. पातेल्यात भात दिसेना. नुसता लाल तलाव! त्यावर कांद्याच्या चार-दोन चकत्या होड्यांसारख्या फिरत होत्या.

"पानी लय झालं काय वं?" त्यानं पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात विचारलं.

"मी कोठी बोलून राह्यली?" कस्तुराबाई म्हणाली. "माही बंदी हाय."

"तसं नाही. विचारलं तं सांगत जा."

"तांदूळ वाढवा लागते. सादा हिशेब हाय."

हे ती चिडून बोलली होती, टोमणा म्हणून. इंद्रभाननं तो हुकूम समजून पोतंच उचललं! तिनं "अहो, अहो" म्हणेपर्यंत आणखी चार किलो तांदूळ तलावात गेला होता. पातेलं काठोकाठ भरलं. मग त्याच्या लक्षात आलं की मसालेभातात वांगी लागतात. सोमवारच्या बाजारासाठी तोडलेलं वांग्यांचं अख्खं कॅरेट दारात पडलं होतं. माळवं पिकवणाऱ्या माणसाचा हात वांग्याच्या बाबतीत कधी आखडत नाही. त्यानं विळी घेतली आणि कॅरेट संपवलं!

आता कस्तुराबाईला राहवेना. ती बाजेवरून उठली, दारात उभी राहिली, डावा हात कमरेवर ठेवून. "आता बोलतेच मी! जा वावरात जायाचं तं! अहो, चार मानसं! चार! नथ्थू, रत्नमाला, तुमी अन् मी! हे काय वरातीचं करून राह्यले का?"

इंद्रभान वावरात गेला नाही. विळीवर बसला होता तसाच बसून राहिला. तिखटानं डोळे लाल, मिशीला वांग्याचं बी चिकटलेलं.

"त्याच्या दारातून मी उपाशी उठलो व्हतो," तो म्हणाला. "त्याच्या डोक्यात असीन, की हा मानूस आता मले कसं जेवू घालते ते पाहू. म्हून म्हटलं, आपल्या हातानं करू. सोता वाढू. दुसरं काई नाही वं."

कस्तुराबाईचा राग पातेल्यातल्या वाफेसारखा विरून गेला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस असं एखादंच वाक्य बोलायचा, आणि तेही नेमकं ती भांडायला उभी राहिली की! ती काहीतरी मऊ बोलणार, तेवढ्यात शेगडीनं "भुस्स" केलं आणि गॅस विझला.

"दुसरी टाकी लावा," ती म्हणाली.

इंद्रभान मिशीतलं वांग्याचं बी काढू लागला.

"दुसरी टाकी!"

"थे मंगळवारीच सरली. नंबर लावाचा राह्यला."

तिनं जो श्वास सोडला तो कमलीबाईनं भिंतीपलीकडून ऐकला असावा. कारण ती लगेच हजर झाली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "अगं माय! हा तं निस्ता भिजला हाय. बाहेर चूल घाला. अन् ह्या पातेल्यात मावनार नाही हा, फुगला की दारातून बाहेर निंगते."

अंगणात तीन दगड मांडले गेले. आंघोळीचं पाणी तापवायचा जर्मनचा भला मोठा गंज, हंड्याहून मोठं भांडं, राखेनं घासून काढला. भात आणि चिरलेली वांगी त्यात ओतली. खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या. धूर गल्लीभर झाला. कमलीबाई खाली लागू नये म्हणून फावड्याएवढ्या उलथन्यानं भात ढवळत होती. इंद्रभाननं खुर्ची टाकली आणि त्याला पहिल्यांदाच आपण ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटलं. "जाळ कमी करा," तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, इंझोरीसारख्या गावात रविवारी सकाळी अंगणात गंज चढला तर कोण विचारणार नाही? ग्रामपंचायतीतला भाऊसिंग सायकलवरून चालला होता. तो उतरलाच.

"काय गा भाऊ? कायचा कार्यक्रम?"

चार माणसांचा भात चुकून सत्तर माणसांचा झाला, असं म्हणायला जीभ रेटली तर तो इंद्रभान कसला! "असंच," तो म्हणाला. "लोकायले जेवू घालावं म्हटलं."

"नवस व्हता का? वैनीच्या हाताचा?"

"हो... तसंच समज."

कस्तुराबाईनं डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं. बाईचा हात मोडून तीन दिवस झाले. हात मोडल्याचा नवस कोण फेडतं? पण भाऊसिंग सायकलवर बसून देवळाच्या दिशेनं निघालासुद्धा होता, आणि देवळात गावाचा भोंगा होता!

तो भोंगा म्हणजे एक जुनं दुखणं. दर तीन शब्दांनंतर घशात काटा अडकल्यासारखा घरघरतो. तरी भाऊसिंगला त्यावर बोलायची भारी हौस.

"गावकरी मंडळी, आयका हो! इंद्रभान भाऊच्या घरच्या कस्तुराबाई... घर्रर्र... यायच्या निमित्तानं... घर्रर्र... समद्यायनं इंद्रभान भाऊच्या दारात लवकरात लवकर जमावं हो!"

जेवणाचं तर भाऊसिंगनं वाटेवरच्या प्रत्येक दारी आधीच सांगितलं होतं; अर्ध्या तासात अंगण भरलं. माणसं ताटं घेऊन, पोरं वाट्या घेऊन, एक म्हातारी तर घरच्यांसाठी डबा घेऊन! रांगा लावून बसले सगळे. कस्तुराबाई आतल्या खोलीत पळाली. पाहुणे यायची वेळ झाली, नवं लुगडं नेसायचं राहिलं होतं. एका हातानं निऱ्या घालायच्या म्हणजे काय दिव्य असतं ते करून पाहावं! चार निऱ्या धराव्या तर दोन सुटत. तिसऱ्यांदा निऱ्या सुटल्या तेव्हा तिनं त्या लुगड्यालाच शिव्या दिल्या. आणि तेवढ्यात तिच्या कानावर रस्त्यावरून आवाज आला.

"बाई वं! माही बाई वं!"

नथ्थूचा आवाज! ती खिडकीशी धावली.

नथ्थू आणि रत्नमाला फाट्यावर जीपमधून उतरले, तेव्हाच भोंगा दुसऱ्यांदा घरघरत होता. खेड्यात भोंग्यावर बाईमाणसाचं नाव घेऊन "समद्यायनं दारात जमावं" म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. नथ्थू फाट्यापासून रडत आला होता. दारात येऊन पाहतो तर काय, अंगणात गर्दी, तीन दगडांवर आंघोळीचा गंज, खाली जाळ, आणि लाल डोळ्यांचा इंद्रभान! आता शंकेला जागा कुठे होती?

"भाऊजी!" त्यानं नऊ वर्षांचा अबोला विसरून इंद्रभानच्या गळ्यात मिठी मारली. "कसं झालं हो हे?"

इंद्रभान गहिवरला. साळ्यानं आल्याआल्या भाताची विचारपूस केली! "काय सांगू नथ्थू. सकाळी आठ वाजेपर्यंत समदं बरं व्हतं. मंग तिखटानं घात केला."

"तिखटानं?"

"आगडोंब झाला निस्ता. म्हून पानी दिलं, तं थे बी जास्त झालं. त्यात गॅस!"

"अरे देवा! गॅस झाला!" नथ्थू हुंदके देऊ लागला. "मले एक फोन नाही करा लागत व्हता?"

"तुले फोन करून काय फायदा? तू काय करनार व्हतास? माह्या हातानंच बिघडलं नथ्थू, कोनाले काय बोल लावू?"

खिडकीतून कस्तुराबाई हे ऐकत होती आणि तिला काही केल्या कळेना की भात बिघडला म्हणून तिचा भाऊ एवढा का रडतो आहे!

"मले तोंड तं पाहू द्या," नथ्थू म्हणाला. "कोठी हाय आता?"

"थे काय, चुलीवर," इंद्रभाननं गंजाकडे बोट दाखवलं. "वाफ धरली. पाच मिनिटात उतरवतो."

नथ्थूनं एकदा गंजाकडे पाहिलं, एकदा इंद्रभानकडे, आणि तो बुडातून तोडलेल्या केळीसारखा मागच्या माणसाच्या ताटात कोसळला! रत्नमालेनं हंबरडा फोडला. आता कस्तुराबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नथ्थ्या!" ती खिडकीतून किंचाळली. "मी जित्ती हावो!"

आणि घाईत तिनं गजांमधून नेमका प्लास्टरचाच हात बाहेर काढून हलवला. तो पांढरा हात पाहून रत्नमालेनं दुसरा हंबरडा फोडला, पहिल्यापेक्षा मोठा!

नथ्थूच्या तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. कस्तुराबाई अर्धं जुनं, अर्धं नवं लुगडं गुंडाळून बाहेर आली. नथ्थूनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, डाव्या हाताला चिमटा काढून पाहिला, आणि मग तो इतका हसला, इतका रडला की पंगतीतली माणसंही डोळे पुसू लागली. कमलीबाई म्हणाली ते तिखटामुळे. पण कमलीबाईचाही पदर डोळ्यालाच होता.

"भाऊजी," नथ्थू म्हणाला, "त्या दिवशी लग्नात..."

"जाऊ दे गा," इंद्रभान म्हणाला. "त्या टायमाले मले भूक बी नव्हती."

"पाहा वं!" कस्तुराबाई कमलीबाईला म्हणाली. "नऊ वर्स दोघं रुसून बसले. अन् एक झाले ते मले मारून!"

मग वाढायला कोण उठलं असेल? नथ्थू! बहीण जिवंत सापडल्याच्या आनंदात त्यानं बादली उचलली आणि हातचं राखून वाढणं म्हणजे काय ते विसरला. "घ्या, घ्या! लाजू नका! माही बाई जित्ती हाय!" पंगतीमागून पंगत बसली. लोकही खरे जेवणारे. लोणचं मात्र फार मागत होते. कस्तुराबाईची वर्षाची लोणच्याची बरणी दुसऱ्या पंगतीतच खरडली गेली, मग कमलीबाईची आली, तीही गेली. जाताना मात्र जो तो इंद्रभानला म्हणाला, "भाऊ, बेत जोरदार!" भाऊसिंग तर म्हणाला, "पुढच्या भंडाऱ्याचा भात तुमच्याचकडं." इंद्रभानची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं.

दोन वाजता गर्दी ओसरली. नथ्थूनं बादली गंजात बुडवली, तर बादलीच्या बुडाचा आणि गंजाच्या बुडाचा "टण्ण" असा आवाज झाला. आत फक्त करपलेली खरवड!

घरची चार माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ज्यांच्यासाठी भात केला, तीच नेमकी चार!

रत्नमालेनं पदर खोचला. चुलीत निखारे होतेच. वीस मिनिटांत पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी. चौघं अंगणात जेवायला बसले. कस्तुराबाईला एका हातानं भाकर मोडता येईना, तर नथ्थूनं तिच्या ताटातली भाकर कुस्करून दिली, लहानपणी ती त्याला द्यायची तशी. "मसालेभात राह्यला बाप्पा तुहा," ती म्हणाली.

"राहू दे वं. पुढच्या रविवारी येतो," नथ्थू म्हणाला. "पन येयाच्या आधी भोंगा बंद करा लागते."

पाहुणे पाच वाजता गेले. इंद्रभान हौदापाशी बसून नारळाच्या शेंडीनं गंज घासू लागला. खरवड काही निघेना. त्यानं पळीनं एक पापुद्रा खरवडला आणि सहज तोंडात टाकला. सकाळपासून त्यानं आपल्या भाताची चव पहिल्यांदाच घेतली होती.

तो थांबला. पुन्हा थोडं खरवडून खाल्लं. मग हळूच मान वळवून बाजेवरच्या कस्तुराबाईकडे पाहिलं.

"काय वं," तो म्हणाला, "आपन मीठ टाकलं व्हतं काय?"

कस्तुराबाईनं आठवून पाहिलं. तांदूळ. तिखट. पुन्हा तांदूळ. पाणी. पुन्हा तांदूळ. वांगी. मीठ... मीठ कोणी टाकलं? त्यानं नाही. कमलीबाईनं नाही, तिला वाटलं असणार ह्यांनी टाकलं. आणि सत्तर माणसं जेवून, ढेकर देऊन, "बेत जोरदार" म्हणून गेली होती!

ती बाजेवर सरळ होऊन बसली. नुसती पाहत राहिली त्याच्याकडे. एवढा वेळ पाहत राहिली की शेवटी इंद्रभाननंच मान खाली घातली आणि गंज पुन्हा घासायला घेतला.

"काई म्हन," तो गंजात तोंड घालून पुटपुटला, "आपल्या गावची मानसं लय चांगली हायेत."